पावशा नेमके काय म्हणतो?

गेल्या उन्हाळ्यात आठ दिवसांसाठी माहेरी गेले होते. मराठवाड्यातले गाव, शेताच्या कडेला घर, अंगणात कडुनिंब आणि कुंपणापलीकडे चिंचेची दोन जुनी झाडे. पहिल्याच रात्री फजरच्या अजानीच्या बऱ्याच आधी जाग आली. चिंचेवर कोणीतरी तीन सुरांत हाका मारत होते. पहिली हाक खालच्या पट्टीत, दुसरी थोडी वर, तिसरी त्याहून वर. पाच-सहा हाकांत आवाज इतका चढला की आता याचा गळा फाटणार असे वाटले, आणि तेवढ्यात तो एकदम थांबला. थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून सुरू.

बाजूच्या खाटेवर कूस बदलत भाभी म्हणाली, "रात्री दोन वाजता सुरू झालाय. झोपू द्यायचा नाही हा."

सकाळी चहाच्या वेळी त्याच्यावरूनच गप्पा निघाल्या. आमच्या मरहूम दादीला या हाकेत "पी कहाँ, पी कहाँ" ऐकू यायचे. दादा कामासाठी मुंबईला असत आणि वर्षातून एकदा ईदला घरी येत. तिच्या कानाला दुसरे काय ऐकू येणार? आमच्या बांधाला ज्यांचा बांध लागून आहे, त्या शेजारच्या काकांना तीच हाक "पेरते व्हा, पेरते व्हा" अशी ऐकू येते. बंगालमध्ये लोक "चोख गेलो", म्हणजे "डोळा गेला", असे ऐकतात. उन्हाळ्याने हैराण झालेल्या इंग्रज साहेबांनी तर त्यात "ब्रेन फीवर" ऐकले आणि पक्ष्याचे नावच ते ठेवले.

पक्षी एकच, पावशा. हिंदी-उर्दूत त्याला पपीहा म्हणतात. तो कोकिळेच्या कुळातला. ज्याच्या मनात जे, ते त्याच्या हाकेत ऐकू येते. म्हणूनच या महिन्यात त्याची नीट ओळख करून घेऊ. ती नसल्यामुळे गेल्या वर्षी आमच्या अंगणात त्याचा जीव जाणार होता, आणि पुष्कळ वर्षांपूर्वी आमचे घर अडचणीत आले होते.

आधी चोच बघ

भाईजानचा धाकटा मुलगा सहावीत आहे. त्याने सांभाळलेल्या कोंबडीची नऊ पिल्ले होती. त्यातली दोन शिक्र्याने उचलून नेली. तेव्हापासून पोराच्या खिशात गलोल आणि डोक्यात राग. दुसऱ्या दिवशी असरनंतर कडुनिंबावर सातभाईंनी एकच कालवा केला. बुलबुलही ओरडू लागले. पानांतून एक राखी पक्षी निघाला, चार-पाच वेळा पंख मारून तरंगत गेला आणि शेवटी वर उसळी घेत शेवग्याच्या फांदीवर बसला.

"फुप्पी, तोच तो! शिक्रा!" म्हणत पोराने खडा लावून रबर ताणलेसुद्धा.

मी त्याचा हात धरला. "खडा नंतर. आधी त्याची चोच कशी आहे ते मला सांग."

शाळेतून निवृत्त झाले तरी माझ्या पिशवीत एक जुनी दुर्बीण असते. ती त्याच्या डोळ्याला लावली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "सरळ आहे. टोकाला जराशी वाकलेली."

"आणि शिक्र्याची?"

"आकड्यासारखी." रबर सैल झाले.

चूक पोराची नव्हती. पावशा आणि शिक्रा यांत मोठी माणसेही फसतात. दोघे साधारण कबुतराएवढे, वरून राखी, पोटावर तांबूस-तपकिरी आडव्या रेघा, शेपटीवर पट्टे आणि पाय पिवळे. उडण्याची आणि बसण्याची ढबसुद्धा पावशाने शिक्र्याचीच उचलली आहे. त्यामुळे लहान पक्षी त्याला पाहून घाबरतात आणि आरडाओरडा करतात. पण पुढच्या गोष्टी पाहिल्या तर फरक कळतो.

चोच ही पहिली खूण. शिक्र्याची चोच आखूड आणि आकड्यासारखी, मांस फाडण्यासाठी. पावशाची चोच साधी, किडे वेचणाऱ्याची. दुसरी खूण पाय. शिक्र्याचे पाय लांब आणि नख्या टोकदार, त्याच त्याच्या सुऱ्या. पावशाचे पाय आखूड. त्याची दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात, फांदी धरण्यापुरती. पिल्लू उचलून नेण्याची ताकद त्या पायांत नाही. तिसरी खूण बसण्याची. शिक्रा उघड्या फांदीवर ताठ, पहारेकऱ्यासारखा बसतो. पावशाला पानांची दाटी आवडते. उतरल्यावर तो शेपटी इकडून तिकडे हलवतो. डोळ्याभोवती पिवळे कडे असते, तेही दुर्बिणीतून छान दिसते. शिक्र्याच्या पांढऱ्या गळ्यावर मधोमध एक उभी गडद रेघ असते, तीही लक्षात ठेवा.

एक सावधगिरी मात्र हवी. पावशाचे कोवळे पोर वरून तपकिरी असते आणि त्याच्या पोटावर आडव्या रेघांऐवजी गडद ठिपके, उभ्या फरकाट्या असतात. शिक्र्याचे पोरही असेच ठिपकेदार. तेव्हा रंगावर विसंबू नका. चोच आणि पाय पाहा. ते खोटे बोलत नाहीत.

"हा कोणता पक्षी?" हा साधा प्रश्न किती दूर नेतो, याचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. आईवडिलांविना खेतवाडीत मामांच्या घरी वाढलेल्या एका मुलाने खेळण्यातल्या छर्र्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. अशी चिमणी त्याने पूर्वी पाहिली नव्हती. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड साहेबांकडे पाठवले. साहेबांनी नाव तर सांगितलेच, शिवाय कपाटे उघडून जतन केलेले शेकडो पक्षी दाखवले. तो मुलगा म्हणजे डॉ. सलीम अली. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक आले, आणि त्याच्या मदतीने देशातल्या कितीतरी घरांनी आपल्या अंगणातले पक्षी ओळखले. माझ्या भाच्याला ही गोष्ट सांगितली तेव्हा त्याने विचारले, "मग त्यांनी पुन्हा बंदूक धरली का?" धरली, अभ्यासासाठी. आज त्याची गरज नाही. दुर्बीण पुरते, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पावशा काय, शिक्रा काय, दोघांनाही मारायला मनाई आहे. कोंबडीच्या पिल्लांवर जाळी टाकणे हाच त्यावरचा इलाज. संध्याकाळी भाईजानने ती टाकली.

कान कसा लावायचा

पावशा दिसतो कमी आणि ऐकू येतो जास्त. म्हणून त्याला कानाने ओळखणे अधिक सोपे. त्यासाठी तीन गोष्टी मोजायच्या.

पहिली, एका हाकेत सूर किती? पावशाच्या हाकेत तीन सूर असतात आणि जोर मधल्यावर येतो. "पे-र-ते" नव्हे, तर "पी-कहाँ-आ" असे काहीसे. मराठीत लोक त्यालाच "पाऊस आला" असेही बसवतात. दुसरी, प्रत्येक हाकेला पट्टी चढते का? पावशाची चढते. तिसरी, शेवट कसा होतो? तो उतरत नाही. टोकाला जाऊन एकदम तुटतो. चांदण्या रात्री आणि ढगाळ दिवसांत तो विशेष रंगात येतो.

गोंधळ होतो तो कोकिळाशी. कोकिळाचा आवाजही चढत जातो, पण त्याची "कुऊ-कुऊ" दोन सुरांची, गोल आणि गोड. पावशाचा आवाज पातळ आणि कर्कश. जाता जाता हेही सांगते, की गाणारी ती कोकिळा नव्हे, तर नर कोकिळ. काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके, आणि ती "किक-किक-किक" असा घाईचा आवाज काढते.

दुसरा गोंधळ चातकाशी. उत्तरेकडे तर पपीहा हे नाव कधी पावशाला, कधी चातकाला दिले जाते. पण दोघांना शेजारी बसवले तर लहान मूलही फरक सांगेल. चातक काळा-पांढरा, डोक्यावर टोकदार तुरा, पंखावर पांढरा ठिपका, लांब शेपटीच्या टोकाला पांढरे. त्याची साद धातूवर टिचकी मारल्यासारखी "पियू, पियू-पियू". ती पावशासारखी पायरी-पायरीने चढत नाही.

कोकणातल्या आणि घाटातल्या वाचकांना दाट झाडीतून चार सुरांची संथ, घुमणारी साद ऐकू आली, तर तो याच कुळातला आणखी एक पक्षी, भारतीय कोकीळ. तीन की चार, एवढे मोजले तरी अर्धी ओळख झाली. आणि शिक्रा? त्याची ओरड दोनच सुरांची, तीक्ष्ण, "टी-टुई". कोतवाल पक्षी तिची हुबेहूब नक्कल करतो, म्हणून तिथे मात्र डोळ्यांनी खात्री करावी.

निळी अंडी

इतका जीव तोडून पावशा ओरडतो कशासाठी? हाक मारणारा नर असतो. हा परिसर माझा, आणि मी इथे आहे, हे तो इतर नरांना आणि मादीला कळवत असतो. त्याचा विणीचा काळ साधारण मार्च ते जून. नेमका याच काळात सातभाईंचाही घरटी बांधण्याचा हंगाम असतो. हे जुळणे योगायोगाने नाही. पावशा स्वतः घरटे बांधत नाही. मादी सातभाईंच्या घरट्यात गुपचूप एक अंडे घालते. सातभाईंची अंडी निळी, आणि पावशाचे अंडेही निळेच, थोडे मोठे. शिक्र्यासारख्या दिसणाऱ्या पक्ष्याला पाहून सातभाई बिथरले, की मादीचे काम सोपे होत असावे, असे अभ्यासक मानतात.

पावशाचे पिल्लू बाहेर आले, की अनेकदा ते घरट्यातली इतर अंडी बाहेर ढकलते. मग सातभाईंचा सगळा गट त्याला भरवू लागतो. नावाप्रमाणेच हे पक्षी सात-आठच्या टोळीने राहतात आणि पिल्ले सगळे मिळून वाढवतात. घरट्यातून निघाल्यावरही जवळजवळ महिनाभर ते पोर "की-की" करत त्यांच्या मागे फिरते. भरवणाऱ्यापेक्षा मोठे झालेले पोर आणि त्याच्या चोचीत किडा कोंबणारा सातभाई, हे दृश्य पावसाळ्यात नीट लक्ष दिले तर आपल्या परसातही दिसेल.

भाभीने हे ऐकले आणि म्हणाली, "म्हणजे झोपही आमची मोडतो आणि पोरेही दुसऱ्याच्या जिवावर. मग उपयोग काय त्याचा?"

उपयोग आहे. केसाळ सुरवंट बहुतेक पक्षी टाळतात. अंगाला लागला तर आपल्यालाही खाज सुटते. पावशाचे ते आवडते खाणे. सुरवंट फांदीवर दाबून, घासून तो आतली घाण काढतो आणि मग गिळतो. पोटात साठलेले केस गोळी करून ओकून टाकतो. शेवग्यावर सुरवंटांचे थवे बसतात, हे प्रत्येक घराला माहीत आहे. त्या दिवशी तो शेवग्यावरच उतरला होता, हे मी भाभीच्या लक्षात आणून दिले. ती हसली, पण झोपेची तक्रार तिने मागे घेतली नाही.

हाक आणि पेरणी

आता दुसरी गोष्ट, जी सांगायला मला जड जाते.

मी सातवीत होते. त्या वर्षी मे अखेरीस वळवाचे दोन चांगले पाऊस झाले. जमीन काळी पडली, वास सुटला, आणि चिंचेवर पावशा दिवस-रात्र ओरडत होता. गावातली जाणती माणसे म्हणाली, "पेरते व्हा म्हणतोय, आता कसली वाट बघता?" अब्बांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळे शेत पेरले. बियाणे आणि खत उधारीवर आणलेले. चार दिवसांत कोंब वर आले. अम्मीने गोड केले.

त्यानंतर वीस-बावीस दिवस आभाळ कोरडे. कोंब पिवळे पडले, मग वाळले. पावशा मात्र तसाच ओरडत राहिला, "पेरते व्हा, पेरते व्हा". अब्बा एकदा संध्याकाळी अंगणात उभे राहून त्या झाडाकडे बघत होते. काही बोलले नाहीत. दुबार पेरणीसाठी अम्मीच्या कानातले गहाण पडले आणि आपाचा निकाह एक वर्ष पुढे गेला. ते कानातले पुन्हा घरी आले नाही.

कितीतरी वर्षे आमच्या घरात "पावशाने फसवले" असे म्हणत. पक्ष्यांचा अभ्यास करू लागले तेव्हा कळले, की त्याने कोणाला काही सांगितलेच नव्हते. झाडी असलेल्या भागात त्याची हाक मार्च-एप्रिलपासून सुरू होते, पाऊस दोन-तीन महिने दूर असताना. पाऊस वेळेवर आला तरी तो ओरडतो, उशिरा आला तरी ओरडतो. तो आपल्या विणीचा हंगाम सांगतो. त्यात पेरणी आपण ऐकतो.

चातकाचे थोडे वेगळे. मध्य आणि उत्तर भारतात येणारे चातक आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून, मोसमी वाऱ्यांच्या साथीने येतात. त्यामुळे चातक दिसणे आणि मोसमी वारे जवळ येणे यांचा खरा संबंध आहे. तो फक्त पावसाचे थेंब पितो, ही मात्र कविकल्पना. पण वारे येणे वेगळे आणि आपल्या वावरात पुरेशी ओल मुरणे वेगळे. तेवढे चातकालाही सांगता येत नाही.

ते सांगते मोजपट्टी. पेरणीयोग्य ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये, असा कृषी विभागाचा सल्ला दरवर्षी असतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी. हे घरीही मोजता येते. सरळ बाजूंचा, सपाट तळाचा रिकामा डबा झाडापासून आणि भिंतीपासून दूर, उघड्यावर पक्का बसवा. रोज सकाळी ठरलेल्या वेळी त्यातल्या पाण्याची उंची पट्टीने मोजा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. बेरीज आपोआप समोर येते. त्याबरोबर दोन-तीन ठिकाणी खणून ओल किती खोल गेली ते बघा. वरची माती काळी दिसते, पण खाली कोरडी असते. आमच्या अब्बांना तिनेच फसवले होते.

निघायच्या आदल्या दिवशी भाच्याला दोनशे पानांची वही दिली. डाव्या पानावर पक्षी लिहायचे: तारीख, वेळ, झाड, सूर किती, चढते की नाही, दिसला की फक्त ऐकला. उजव्या पानावर डब्यातले पाणी. ज्याचे नाव कळले नाही, तिथे प्रश्नचिन्ह ठेवायचे. अंदाजाने नाव लिहायचे नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मगरिबनंतर त्याचा फोन आला.

"फुप्पी, पावशा रोज ओरडतोय. शेजारच्या दोघांनी पेरले. पण आपल्या डब्यात फक्त एकतीस मिलिमीटर झालेत."

"मग भाईजान काय म्हणतात?"

"अब्बा म्हणतात, पावशाला त्याचे काम करू दे, आपण आपला डबा बघू. आणि फुप्पी, काल चिंचेवर काळा-पांढरा पक्षी आला होता, तुरा असलेला. मी चातक लिहिलाय. प्रश्नचिन्ह नाही लावले."

पेरणी आणखी बारा दिवसांनी झाली, डब्यातली बेरीज ८४ वर गेल्यावर. त्या वर्षी आमच्या वावरात दुबार पेरणी झाली नाही.

आपल्या अंगणातही यंदा ही हाक येईल. सूर मोजा, चोच बघा आणि मुलांच्या हाती एक वही द्या. पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह, ज्यांच्या घरट्यात हे सारे नाट्य घडते त्या सातभाईंना भेटू.